तांडेल घाट उतरतो

बेळगाव
सोमवार, ३ ऑक्टोबर १९६६

गुरुदास,

मायना काय घालावा यात अर्धी सकाळ गेली. 'चिरंजीव' लिहिलं आणि खोडलं. 'रा. रा.' लिहिलं तर एखाद्या व्यापाऱ्याला लिहिल्यासारखं दिसलं. शेवटी नुसतं नाव घातलं आहे. पंधरा वर्षांत तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र, तेव्हा चूकभूल समजून घे.

पत्रास कारण एवढंच की माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू ऑगस्टमध्ये इथे काढला आणि परवा चष्मा मिळाला. काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड आहेत, पण नजर अशी स्वच्छ झाली आहे की इस्पितळाच्या पायरीवर मी बराच वेळ नुसता आभाळाकडे बघत बसलो. निळा रंग एवढा निळा असतो हे मी विसरलो होतो. डॉक्टर म्हणाले, आजोबा, उन्हाकडे बघू नका. मी म्हटलं, चाळीस वर्षं दर्यावर उन्हाकडेच बघत होतो, आता चार दिवसांनी काय बिघडणार.

डॉक्टरांनी गुरुवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे. त्यानंतर मालवणला परत जाईन. आंबोलीच्या घाटाने एसटी जाते, पण त्या वळणांत मला मळमळतं. हसू नकोस. दर्यावर कधी उलटी झाली नाही आणि एसटीत होते, याला मी काय करू? म्हणून लोंढ्याहून गोव्याची गाडी धरून मडगावला उतरायचं आणि पुढे पणजी, म्हापसा, बांदा करत घरी पोचायचं असं ठरवलं आहे. वाट लांबची आहे, पण आगगाडीत मी अजून बसलेलो नाही. पासष्टाव्या वर्षी बसून घ्यावं.

तू त्याच घाटात इंजिन चालवतोस असं बंदरावर ऐकलं होतं. तुझी पाळी कोणत्या दिवशी असते याची मी चौकशी केलेली नाही. तुझ्या कामात व्यत्यय आणण्याचा विचारही नाही. तू स्टेशनात यावंस असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, हे ध्यानात घे.

तुझी आई मालवणात बरी आहे.

दाजी कुबल

*

मडगाव
शुक्रवार, ७ ऑक्टोबर १९६६

गुरुदास,

काल मी तुझ्या गाडीत होतो.

हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. आणि सोमवारच्या पत्रात जे खोटं लिहिलं तेही सांगून टाकतो. डॉक्टरांनी मला गुरुवारपर्यंत थांबायला सांगितलं नव्हतं. चष्मा मिळाल्यावर मी बेळगावच्या स्टेशनात गेलो. तिथे कॅसलरॉककडे कामाला असलेला एक म्हातारा गार्ड चहा पीत बसला होता. त्याला विचारलं, कुबल ड्रायव्हर घाट कधी उतरतो? तो म्हणाला, येत्या गुरुवारी. मग मी तीन दिवस धर्मशाळेत पडून राहिलो.

आता कालचं सांगतो. मी मडगावच्या एका खाणावळीच्या बाकावर बसून लिहितो आहे. सगळं एकदम सांगावंसं वाटतंय आणि शाई मात्र खाणावळवाल्याची आहे, तो सारखा दौतीकडे बघतोय.

लोंढ्याला गाडी बदलली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीची जागा मिळाली. जंगल सुरू झालं आणि मी खिडकीबाहेर डोकं काढलं ते काढलंच. गाडी वळणावर वळली की पुढचं इंजिन आपल्याला आपल्याच डब्यातून दिसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मचव्याच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून उभं राहिलं की पुढची नाळ लाटेवर चढताना दिसते, अगदी तसं. मी शेजारच्या बाईला म्हटलंसुद्धा, "नाळ बघा, नाळ." तिला वाटलं मी नारळ म्हणतोय.

कॅसलरॉकला गाडी खूप वेळ थांबली. मी फलाटावर उतरलो. तिथे गार हवा, कोळशाचा वास आणि डोंगराला टेकलेला ढग. नवं इंजिन आणून लावत होते. इतकं काळं, इतकं मोठं जनावर मी जवळून पाहिलेलं नाही. उभं असूनही ते श्वास घेत होतं. खालून वाफ सुटे, चाकांच्या मधून पाणी ठिबके, आणि लोखंडाच्या पोटात कुठेतरी कढत आमटीसारखं रटरटे. वर, पाण्याच्या नळाजवळ, तू उभा होतास.

तुला मी ओळखलं नसतं असं मला वाटलं होतं. एकोणीस वर्षांचा मुलगा गेला होता. हा तर चौतीस वर्षांचा गडी, खांदे भरलेले, मिशीला कोळशाची पूड. पण तू नळ बंद करून हात झटकलास आणि मी ओळखलं. तुझी आई मासळी धुतल्यावर तसे हात झटकते. एक बाई डबा घेऊन आली, तिने तो वर तुझ्या हातात दिला, तू वाकून तिला काहीतरी बोललास. ती सीताच असणार. तुझं लग्न झालं हे मला बंदरावर कळलं होतं. तुझ्या आईला तुझी पत्रं येतात, ती तांदळाच्या पिंपात लपवते, आणि मला ते ठाऊक नाही असं ती समजते.

मी पुढे झालो नाही. तू डब्यांच्या बाजूला बघितलंस तेव्हा मी चष्मा पुसायला घेतला.

गाडी सुटली. आता माझ्यासमोर घाटाखालच्या कुळें गावची हौसाबाई म्हणून एक बाई येऊन बसली, साठीची, मांडीवर केळीच्या पानांचा भारा. दर आठवड्याला वर जाऊन पानं आणते आणि खाली विकते. मी सारखा बाहेर डोकावतोय हे बघून तिने विचारलं, "पयल्यांदाच बसल्यात?"

"होय," मी म्हटलं.

"भियां नको. आज गुरुदास ड्रायव्हर आसा. तो आसलो काय माका झोप लागता."

"कित्याक?"

"तो हळू हाडता. लोक शिव्या घालतत. मी म्हणतंय, उशिरान पोचलेलां बरां." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी खंयचे?"

"मालवणचो."

"मगे तुमी ओळखत असशात. तोय मालवणचोच."

"नाव ऐकलेला आसा," मी म्हटलं.

तिला खरोखरच झोप लागली. मी मात्र जागच्या जागी उड्या मारायचा बाकी होतो. घाट उतरायला लागल्यावर जे दिसतं ते कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला थापाड्या म्हटलं असतं. डाव्या हाताला काळा कातळ, हात बाहेर काढला तर शेवाळ लागेल इतका जवळ. उजव्या हाताला काहीच नाही. नुसती हिरवी खोली, तिच्या तळाशी ढग, आणि ढगाच्या वर आपण. बोगदा आला की डब्यातली पोरं ओरडत, मग सगळा धूर आत, मग एकदम उजेड आणि नवीनच डोंगर समोर. बोगदे मोजायला लागलो, सातानंतर चुकलो, कारण आठव्याच्या तोंडाशी एक शेकरू झाडावरून झाडावर गेलं आणि मी ते बघत राहिलो. त्याच्या शेपटीचं तांबडं टोक दिसलं मला. ऑगस्टपूर्वी मला ताटातला भातसुद्धा धड दिसत नव्हता.

आणि ऐक, मला आणखी एक गोष्ट कळली. मी समजत होतो, डोंगर चढणं हे इंजिनाचं कसब. पण चढताना फक्त जोर लागतो. कसब आहे ते उतरण्यात. मागचं सगळं ओझं तुला खाली ढकलत असतं आणि तू त्याला धरून ठेवायचं. मी डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकला. तू ब्रेक लावायचास, थोडा सोडायचास, परत लावायचास. मागून लाट येते तेव्हा सुकाणूवरचा हात असाच चालतो. लाटेशी भांडायचं नाही, तिला डोक्यावरही बसू द्यायचं नाही. हे मी तुला शिकवलं नाही. मी तुला फक्त ओरडायचं कसं ते दाखवलं.

मग पावसाची एक सर आली आणि गेली. ती गेल्यावर अर्ध्या तासाने तू गाडी थांबवलीस.

मधेच, जंगलात. ना स्टेशन, ना सिग्नल. पुढे वळण आणि त्याच्या पलीकडे बोगदा. डब्यात कुजबुज सुरू झाली. पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेला एक व्यापारी होता, त्याला मडगावला कुणाला तरी भेटायचं होतं. तो म्हणाला, "हा ड्रायव्हर घाबरट आहे. सगळ्या लाइनीवर प्रसिद्ध आहे."

गुरुदास, तो शब्द कानावर आला आणि मला बसवेना. मी उठलो आणि खाली उतरलो. आणखीही लोक उतरले होते. मी कातळाला हात लावत लावत पुढे गेलो, पहिल्या डब्यापर्यंत. मागून गार्ड हिरवी-तांबडी झेंडी काखेत मारून तणतणत आला. तुमचं बोलणं मी सगळं ऐकलं.

गार्ड म्हणाला, "काय झालं? लाइन मोकळी आहे. खाली गाडी आपल्यासाठी थांबून राहिली आहे."

तू खाली वाकून रुळाकडेच्या चराकडे बोट दाखवलंस. "पाणी बघा. वर पांढरं होतं, इथे लाल झालंय. पाऊस थांबून इतका वेळ झाला तरी चर भरून वाहतोय. वर कुठेतरी माती सुटली आहे."

"घाटात पाणी लालच असतं."

"असं नसतं. मी रोज बघतो. फायरमनला झेंडी देऊन पुढे पाठवतो. तो परत आल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही."

"उशीर झाल्याचं मला लिहून द्यावं लागेल."

"द्या लिहून," तू म्हणालास. "माझं नाव घाला."

आवाज चढवला नाहीस. कुणाकडे बघितलंही नाहीस. मी डब्याच्या आडोशाला उभा होतो, तुझ्यापासून वीस पावलांवर.

मी परत येऊन बसलो. व्यापाऱ्याचं चालूच होतं. मी म्हटलं, "तो घाबरट नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तांडेल आहे. चाळीस वर्षं मचवा चालवला आहे. पुढचं दिसत नसताना जो थांबतो त्याला घाबरट म्हणत नाहीत."

एवढं बोललो. 'तो माझा मुलगा' हे तीन शब्द तोंडात आले होते. पण ते म्हणायचा हक्क मला आहे का, हे मला त्या क्षणी कळेना, म्हणून गिळले.

फायरमन पळत परत आला तेव्हा त्याची टोपी पडली होती. बोगद्याच्या पलीकडे दरड कोसळली होती. एक शिळा, मचव्याच्या निम्म्या लांबीची, रुळांवर आडवी, आणि तिच्या मागे गुडघाभर चिखल. आपण बोगद्यातून बाहेर पडलो असतो तेव्हा ती दहा वावांवर, एका डब्याएवढ्या अंतरावर असती. हौसाबाई जागी झाली होती. तिने पानांचा भारा सारखा केला आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "आता घाला शिवी."

खालून माणसं आली, पहारी लावल्या, अडीच तास गेले. त्या अडीच तासांत मी काय केलं असेल? मीही पहार धरली. मुकादम म्हणाला, आजोबा, बाजूला व्हा. मी म्हटलं, नांगर ओढलेले हात आहेत. तू पलीकडच्या बाजूला होतास, मध्ये ती शिळा. ती दरीत गेली तेव्हा सगळ्यांनी आरोळी दिली आणि त्यात माझीही होती.

त्यानंतर दूधसागर.

त्याचं मी काय लिहू? आधी आवाज आला, भरतीचा असतो तसा. मी सवयीने खाली बघितलं. पाणी वरून येत होतं. डोंगराच्या माथ्यावरून, आभाळातूनच, पांढरं फेसाळ, कातळावर आपटून फुटत, परत एक होत. आणि गाडी त्याच्या अंगावरून, मधोमध, पुलावरून. तू इतकी हळू नेलीस की मला एकेक धार निराळी दिसली. तुषार खिडकीतून आत आले, चष्मा भिजला, मी तो काढला, तर सगळं धूसर झालं. परत घातला, परत भिजला. शेवटी भिजल्या काचांतूनच बघितलं. जिभेने ओठ चाटले तर पाणी गोडं. आयुष्यभर तोंडावर खारं पाणी उडालं, आणि हे गोडं. मी मोठ्याने हसलो. हौसाबाई म्हणाली, "पयल्यांदा सगळे असेच हसतत."

कुळें स्टेशनात तू इंजिनावरून उतरलास. लोक तुझ्याभोवती जमले. तो व्यापारीसुद्धा आला आणि त्याने तुझा हात हातात घेतला. मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. दर्यावर मी कधी नांगर उचलायला चुकलो नाही, पण काल माझे पाय त्या फलाटावर रुतून बसले. तू नळाखाली तोंड धुतलंस आणि ड्रायव्हरांच्या खोलीत गेलास. मग दुसरं इंजिन लागून आमची गाडी पुढे सुटली.

यापेक्षा अधिक आज लिहवत नाही. मालवणला पोचल्यावर एक काम आहे, ते आधी करतो.

दाजी

*

मालवण
रविवार, १६ ऑक्टोबर १९६६

गुरुदास,

काम झालं. काय झालं ते तुला कळायला हवं.

एकावन्न सालची गोष्ट तुझ्या माझ्याइतकीच बंदरावरच्या सगळ्यांना पाठ आहे, पण ती मी सांगितली तशी. मे महिन्याचा शेवट, मंगळूरहून कौलं भरून आपण येत होतो, सात माणसं. वेंगुर्ल्याच्या अलीकडे तू मला म्हणालास, "बाबा, थंय पाणी काळा जाता हा. शीड उतरूया." मी म्हटलं, "गप रव. काळोख व्हायच्या आधी बंदर गाठूक होया." तू तीनदा म्हणालास. मग कोयता घेऊन शिडाचा दोर कापलास. शीड आडव्या काठीसकट खाली आलं, काठी मोडली, निम्मी कौलं फुटली.

मालवणात उतरल्यावर कौलांच्या व्यापाऱ्याने कारण विचारलं. मी चारचौघांत म्हणालो, पोरगा भ्याला, वारा यायच्या आधीच त्याने दोर कापला.

वारा यायच्या आधी कापलास हे खरं. पण किती आधी, हे मी सांगितलं नाही. तीन श्वास. शीड खाली येतंय तोवर वावटळ आली आणि मचवा नुसत्या डोलकाठीवरही असा कलला की पाणी आत शिरलं. शीड वर असतं तर सातही जण तळाला गेलो असतो. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, उतरायच्याही आधी. तरी मी ते बोललो, कारण तांडेल मी होतो आणि पाणी वाचायला मी चुकलो होतो.

पोरं तुला 'दोरकाप्या' म्हणायला लागली. तू मला आठ दिवस काही बोलला नाहीस. नवव्या दिवशी विचारलंस, "बाबा, तुमी खरां सांगतलात काय?" मी म्हटलं, "ज्याका दर्याचा भय आसा, तेणी माझ्या उंबऱ्यार पाय ठेवचो नाय." तू बेळगावला मामाकडे गेलास.

मी मडगावहून वाटेत रखडत घरी आलो तो मंगळवार होता. बुधवारी सकाळी बंदरावर गेलो. जाळी विणायला बसतात तिथे आठ-दहा माणसं होती. आपल्या तेव्हाच्या खलाशांपैकी आता बाबलीच उरला आहे. बाकीचे कुणी वारले, कुणी मुंबईला. नवी पोरं होती, इंजिनाच्या होड्या चालवणारी. मी बसलो नाही. उभ्यानेच बोललो. पहिलं वाक्य झाल्यावर एका पोराने पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. काळ्या पाण्याचं सांगितलं, तीन श्वासांचं सांगितलं, माझ्या तोंडून काय निघालं ते सांगितलं. मग परवाच्या घाटाचं सांगितलं, लाल पाण्याचं आणि शिळेचं. त्यात मात्र मला इतका जोर आला की हातवारे करताना मी कुणाचंतरी जाळं पायाखाली घेतलं.

बोलून झाल्यावर बाबलीकडे बघितलं. तो सुई चालवत होता. मान वर न करता म्हणाला, "आमका ठावक होतां, तांडेला. मी त्या दिसा मचव्यार होतंय मां."

"मगे बोल्लस कित्याक नाय?"

"ता तू सांगूचा होतां. आमी वाट बघीत होतंव."

पंधरा वर्षं, गुरुदास. रोज सकाळी हा माणूस मला रामराम करत होता आणि वाट बघत होता.

घरी आलो तर तुझ्या आईला कळलं होतं. बंदरावरची गोष्ट माणसाच्या आधी घरी पोचते. ती चुलीपुढे बसली होती. मी म्हटलं, "राधे, मी सांगान इलंय." ती उठली, पिंपातून पत्रांचा गठ्ठा काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, "आता डोळे बरे आसत. वाचा."

एकोणऐंशी पत्रं. चार दिवस वाचतो आहे. हुबळीला इंजिनं पुसायचास ते, पहिल्यांदा फावडं हातात घेतलंस ते, हात भाजला ते. तिसऱ्या पत्रात लिहिलं आहेस की इंजिनाच्या खोलीत उभं राहायचं कसं हे बाकीच्या पोरांना शिकावं लागलं, तुला नाही. मचव्यावर उभं राहून आलास म्हणून. ते वाचलं आणि मी उठून अंगणात गेलो.

एकाही पत्रात माझ्याबद्दल वाईट शब्द नाही. असता तर बरं झालं असतं.

तुझ्याकडे माफी मागायला मला शब्द सुचत नाहीत. जे चारचौघांत केलं ते चारचौघांतच निस्तरायला हवं होतं, तेवढं केलं. पुढचं तुझ्यावर आहे. उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन.

तुझा बापूस

*

मालवण
बुधवार, २ नोव्हेंबर १९६६

चिरंजीव गुरुदास,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पोस्टमनने ते नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आईकडे नेलं. ती म्हणाली, "ह्या त्यांच्या नावार आसा," आणि स्वतः आणून दिलं. मी ते चार वेळा वाचलं, एकदा तिला वाचून दाखवलं, आणि संध्याकाळी बाबलीला. बाबलीला फक्त काही भाग.

तर तू मला बघितलं होतंस.

कॅसलरॉकलाच, नळाजवळून. चष्म्यामुळे तोंड ओळखू आलं नाही, पण फलाटावर एक म्हातारा दोन्ही पाय फाकून, फळीवर तोल सांभाळत असल्यासारखा उभा होता, आणि असं सपाट जमिनीवर उभं राहणारा माणूस तुला एकच माहीत होता, असं तू लिहिलं आहेस. ते वाचून मी आरशापुढे उभा राहून बघितलं. खरंच तसा उभा राहतो. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही.

तू लिहितोस, "हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर तुम्ही गाडीतून उतरला असता." खरं आहे. उतरलो असतो. आणि ताठ मानेने एसटीत बसून घरी गेलो असतो.

तू असंही लिहितोस की त्या दिवशी घाटात तुझा हात नेहमीपेक्षा हलका होता, कारण मागे मी होतो. दूधसागरच्या पुलावर गाडी एवढी हळू कधी नेत नाहीस, त्या दिवशी नेलीस. मला वाटलं होतं, दरडीमुळे. मला बघायला मिळावं म्हणून, हे मला कळलं नाही. गार्डाने त्या उशिराचंही लिहून दिलं असेल. त्यातही तू स्वतःचं नाव घालायला सांगितलं असशील.

आता मुद्द्याचं. तू विचारलं आहेस की दिवाळीला सीतेला घेऊन आलो तर चालेल का. असा प्रश्न तुला विचारावा लागला, ही माझी करणी. आईने उत्तर तोंडी दिलं आहे, ते लिहिण्यासारखं नाही. तिने पोह्यांचं भात कांडायला काढलं, चकल्यांचा सोऱ्या घासला, आणि पत्र वाचून एक तास झाला नाही तोवर शेजारच्या नर्मदेला पाच वेळा सांगितलं. माझं उत्तर असं.

तू कुडाळहून गुरुवारी, दहा तारखेला, मालवणची एसटी धरणार आहेस. ती वाटेत कट्टा गावात दहा मिनिटं थांबते. मी सकाळीच कट्ट्याला जाऊन स्टँडवर बसेन. तू मला शोधू नकोस, मीच गाडीत चढेन आणि तुमच्या शेजारी बसेन. कट्ट्यापासून मालवणपर्यंत तू मला ते सगळं सांग, जे पत्रांत लिहिलं नाहीस.

उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही असं मी तुला उंबऱ्यावर उभं राहून म्हटलं होतं. तिथेच आत उभा राहून 'ये' म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. म्हणून तुमच्याबरोबर बाहेरून येतो. एसटी बंदराच्या नाक्यावर थांबते तेव्हा तिथे पंचवीस-तीस माणसं असतात, बाबलीही असेल. त्यांच्यासमोर मी आधी उतरेन, सीतेच्या हातातली पिशवी घेईन, आणि मग तू उतर. घरापर्यंत चालत जाऊ. वाटेत कुणी विचारलं तर त्या दिवशी गाडीत गिळलेलं वाक्य मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन.

आईने आणखी एक लिहायला सांगितलं आहे. ती म्हणते, मला दूधसागर बघायचा, मलाही गाडीतून खाली न्या. तुझ्या पुढच्या पाळीला आम्ही दोघं येऊ. तिला खिडकी द्यायची असं आत्ताच ठरलं आहे, भांडण नको म्हणून.

सीतेला आशीर्वाद. गुरुवारी पाऊस पडणार नाही. मी आभाळ बघितलं आहे, आणि बाबलीलाही बघायला लावलं आहे.

तुझा बापूस
दाजी